मर्डिनाचा बॉयलर

मर्डिनानं दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली, त्याला नऊ दिवस झाले होते: ‘घर तापवणारा बॉयलर बंद आहे. दुरुस्तीचं प्रमाणपत्र असलेला माणूस हवा.’ ती दुकानात गेली की पेगी गल्ल्यामागून नकाराची मान हलवायची.

“टॉरमॉड मिस्त्री गेल्यापासून सत्तर मैलांत कुणी उरलं नाही गं. इन्व्हरनेस शहरातले मिस्त्री नाव लिहून घेतात आणि गप्प बसतात.”

टॉरमॉडचं नाव निघालं की मर्डिना सामान उचलून बाहेर पडायची. गेल्या फेब्रुवारीत भर बर्फात बॉयलरसाठी तिनंच फोन करून त्याला बोलावलं होतं. “येतो,” म्हणाला होता. दोन दिवसांनी त्याची गाडी तळ्यातून काढली.

शुक्रवारपर्यंत घर गरम झालं नाही, तर मुलगा तिला शहरातल्या वृद्धाश्रमात नेणार होता. नवरा याच घरात गेला, साठ वर्षं याच घरात काढली, आणि आता एका मेल्या बॉयलरपायी बाहेर पडायचं? तिच्या जिवाचा संताप व्हायचा. पण तीन ब्लँकेटांखाली एकटीनं कुडकुडताना तिचाही धीर सुटत चालला होता.

गुरुवारी दुपारी साडेतीनलाच अंधारून आलं. ती चहाचं आधण ठेवत होती, तेवढ्यात मागचं दार करकरत उघडलं. त्या गावात दाराला कुलूप नसतं आणि कामाला आलेला माणूस टकटक करत नाही. आत येतो, कामाला लागतो. उठून बघायला जाणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. मर्डिना जागची हलली नाही.

“चिठ्ठी वाचलीस वाटतं,” ती तिथूनच म्हणाली.

बॉयलरच्या खोलीत कुणीतरी खोकलं. पत्र्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. ओल्या लोकरीचा आणि गाळाचा वास स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

“रस्ता कसा आहे रे?”

“वाईट...”

“किती वाट बघायला लावलीस.”

“हो... उशीर झाला.”

“साखर किती घालू?”

आतून पान्ह्याचा आवाज येत राहिला.

“तीन... नेहमीसारखी.”

मर्डिनाचा हात डब्यातच थांबला. मग तिनं मोजून तीन चमचे घातले.

बॉयलर धडधडला. पाईप टिकटिकले, आणि नऊ दिवसांनी भिंतींना ऊब आली. ती कप घेऊन गेली, तर खोलीत कुणी नव्हतं. झाकणाला लटकवलेल्या कार्डावर आजची तारीख होती, प्रमाणपत्राचा नंबर होता आणि खाली टॉरमॉडची सही. फरशीवर ओल्या बुटांचे ठसे मागच्या दारापासून बॉयलरपर्यंत आले होते. परत गेलेला एकही नव्हता.

तिनं कप बॉयलरवर ठेवला. तोच फोन वाजला.

“आई, आला का कुणी?” मुलानं विचारलं.

“आला. घर गरम झालंय.”

“प्रमाणपत्र आहे ना त्याच्याकडे? मागाहून भानगड नको.”

“नंबर लिहिलाय कार्डावर.”

“सुटलो बुवा. मग राहा तू तिथंच. गेला का तो?”

मर्डिनानं उघड्या दारातून बॉयलरकडे पाहिलं. कप रिकामा होता.

“नाही रे,” ती हळूच म्हणाली. “अजून आहे.”