ओरडणारा डबा

टोरांटोच्या बंदरावर, गोठलेल्या सरोवराकडे तोंड केलेल्या दिव्याच्या खांबावर, फोनला सिग्नल देणारा मोबाईल कंपनीचा एक डबा होता. आजूबाजूच्या खांबांवरही तसेच डबे. कुठल्याने किती जोरात बोलायचं हे ठरवणं मारेटचं काम. लग्नघरात सगळे एकदम बोलायला लागले की कुणाचंच धड ऐकू येत नाही, डब्यांचंही तसंच असतं.

पण हा एक डबा तिने दोन वर्षं पूर्ण जोरावर ठेवला होता. बर्फावर चालणाऱ्यांना फोन लागला पाहिजे, असं ती सांगायची. खरं कारण तिचा नवरा, हाइनो. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो बर्फावरून समोरच्या बेटाकडे निघाला, बर्फ फुटला आणि तो सापडलाच नाही. खिशातला फोनही गेला. बुडालेला फोन लागत नसतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी आशा सुटत नव्हती.

"मारेट, तुझा डबा सगळ्या गल्लीवर केकाटतोय," तिच्यासोबत काम करणारा डेस्मंड ऑफिसातून फोनवर म्हणाला. "पलीकडच्या दवाखान्यात बोलता बोलता फोन तुटतायत. आज कमी कर बाई. नाहीतर मी करीन, मग रुसू नकोस."

"करते रे. डोकं खाऊ नकोस."

ती घरीच, बंदराकडच्या खिडकीशी काम करत बसली होती. तिने जोर एक पायरी उतरवला. संगणकावरच्या नकाशात, पाण्याच्या पार टोकाला एक ठिपका उमटला. कुणाचा तरी फोन. तिने बाहेर पाहिलं. लख्ख ऊन, पांढरा बर्फ, माणूस नाही.

जोर घटला की लांबचा फोन आधी तुटतो. हा तुटला नाही. तिने आणखी एक पायरी उतरवली आणि ठिपका अलीकडे सरकला. शेजारचे डबे आता याच्याहून मोठ्याने बोलत होते, तरी तो तिकडे वळेना.

"यंत्र बिघडलंय," ती स्वतःशी म्हणाली.

हाइनोचा डावा कान कामातून गेलेला. लांबून हाक मारली तर जागचा हलायचा नाही, तिथूनच "काय गं?" करायचा. ती हळू बोलली की मात्र हातातलं टाकून जवळ यायचा, उजवा कान पुढे करत. त्याला जवळ बोलवायचं असलं की ती मुद्दाम हळू बोलायची.

आणि दोन वर्षं ती त्याला ओरडून बोलावत होती.

ती जोर उतरवत गेली. ठिपका किनाऱ्याला लागला. खांबाशी आला. रस्ता ओलांडून तिच्या घराकडे वळला.

रस्त्यावर कुणी नव्हतं.

तिने डबा बंदच केला.

फोन वाजला. "शाब्बास! दवाखान्याचं काम झालं," डेस्मंड म्हणाला. "पण मारेट, डबा बंद आहे ना? मग त्याला अजूनही एक फोन जोडलेला कसा दिसतोय?"

तिने फोन पालथा ठेवला. डोळे मिटले. "हाइनो," म्हणाली, म्हणजे नुसते ओठ हलवले.

ओल्या लोकरीची टोपी गालाला घासली, आणि तिच्या ओठांशी एक गार कान येऊन थांबला.