मागचा डावा

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बापानं विचारलं, "फ्रिज पाठवू का वॉशिंग मशीन?" तेव्हा प्रतीक्षा म्हणाली, "होम थिएटर." अकोल्यात माहेरचे सगळे हसले. पोरगी अबोल, आणि मागते काय, तर पाच-पाच स्पीकर! कारण तिनं सांगितलं नाही. सांगायला लागलं असतं तर सासूबद्दल बोलावं लागलं असतं, आणि लग्नाला जेमतेम तीन महिने झालेल्या सुनेनं ते माहेरी बोलू नये, एवढं तिला कळत होतं.

नांदगाव पेठेतलं सासरचं घर तसं भरलेलं होतं. झेंडूचा मळा, दोन गाई, सूतगिरणीत शिफ्ट करणारा नवरा शेखर. फक्त सासू, पार्बताबाई, घरात असून नसल्यासारख्या. वर्षापूर्वी सासरे, भगवंतराव, गेले तेव्हापासून त्या मळ्यातून येत, भाकरी थापत आणि बोलायचंच झालं तर गाईंशी बोलत. कानानं कमी ऐकू येई, म्हणून टीव्हीसमोरही बसत नसत. प्रतीक्षाचा हिशोब साधा होता: आवाज नीट आला तर बाई बसतील. बसल्या तर बोलतील. एवढ्या मोठ्या घरात तिला बोलायला एक माणूस हवं होतं.

त्या वर्षी लाइट दुपारी बारा ते तीन असे. बाराच्या ठोक्याला बडनेऱ्याहून शफीभाई गाडीवर खोकं बांधून आला.

"काकू, समोर तीन डबे, मागं दोन," त्यानं समजावून सांगितलं. "आन् हा मोठा, हा खाली बसन."

"येवढी तोंडं कायले पायजे?" पार्बताबाई चुलीपासून म्हणाल्या. "एका तोंडानं बोलते तेच आयकाले कोणी नसते. आन् गल्लीत दोन घरं दुःखातली हायेत. आपल्या इथून ढमढम गेली तं लोकं काय म्हनतीन?"

"आवाज कमीच ठेवू, आई. तुमच्यापुरता," प्रतीक्षा म्हणाली.

पार्बताबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाल्या, "लावा. पन त्यायची बाज हलवाची नाही."

सासऱ्यांची ती बाज, दोरीनं विणलेली खाट, मागच्या डाव्या कोपऱ्यात होती. वर्षभर तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. शफीभाईनं ती न हलवता वरच भिंतीत खिळा ठोकला आणि मागचा डावा स्पीकर तिथं टांगला. तारा टोचून झाल्या, तसं त्यानं विचारलं, "जास्त कोन बसन इथं?"

"आई."

मग त्यानं दिवाणावर उश्या रचल्या आणि पार्बताबाईचा कान जिथं येईल तिथं लिंबाएवढा माइक ठेवला. तिथून टेप धरून प्रत्येक स्पीकरचं अंतर हातावर लिहून घेतलं. मागचा डावा नऊ फूट.

"आता मशीन एकेका डब्यातून आवाज सोडन. माइक आयकन आन् सांगन, कोनता डबा किती दूर हाय. माह्या टेपशी जुळलं म्हंजे काम पक्कं. पन घरात आवाज नको. पंखा बंद. सगळे आंगनात."

सगळे आंगणात उभे राहिले. ऊन असं, की गाईसुद्धा शेपटी हलवत नव्हत्या. आतून आवाज आला, हुस्स... समोरचा डावा. हुस्स... मधला. मग उजवा. मग मागचा उजवा. कोणीतरी खोलीच्या कडेकडेनं चालत फिरावं तसा तो आवाज फिरत होता. मागच्या डाव्यापाशी आला आणि थांबला.

आणि आत कोणीतरी खाकरलं.

मोठ्यानं नाही. दारात जोडे काढताना घरातल्या बायकांना कळावं म्हणून जाणता माणूस खाकरतो, तेवढंच.

शफीभाई वैतागून आत गेला. पडद्यावर लिहून आलं होतं, खोलीत आवाज आहे, पुन्हा करा. "कोन होतं रे आत?"

"कोणी नाही," शेखर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

पार्बताबाई मात्र सुनेकडं पाहत होत्या. "तू काहून घेतला पदर?"

प्रतीक्षाचा हात डोक्यावर गेला. खरंच, पदर डोक्यावर होता. "मामाजी आले नं, म्हणून..." ती म्हणाली, आणि तिथंच थांबली. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, तिनं फक्त हार घातलेल्या फोटोत पाहिलं होतं.

"पोरी," पार्बताबाई हळूच म्हणाल्या, "ते कसे खाकरत, तुले काय ठाव?"

दुसऱ्यांदाही तसंच झालं. या वेळी दार उघडताच आतून चुरगळलेल्या झेंडूचा वास आला. मे महिन्यात मळ्यात एक फूल नव्हतं. शफीभाई तारा गुंडाळू लागला. "वायरिंगमदी काही तरी हाय, काकू. दुकानात नेतो, मंग पाहू."

"थांब."

पार्बताबाईंनी तांब्या घासला, भरला आणि बाजेच्या पायाशी नेऊन ठेवला. मळ्यातून येणाऱ्या माणसाला पाणी द्यायचं असतं. हे त्या घरात तीस वर्षं चाललं होतं आणि वर्षभर बंद होतं. "बसा आता उगेमुगे," त्या कोपऱ्याला म्हणाल्या. मग शफीभाईला, "लाव रे."

तिसऱ्यांदा काहीच झालं नाही. मागचा डावा, नऊ फूट. टेपशी बरोबर जुळलं. शफीभाईनं चहा घेतला नाही. जाताना प्रतीक्षाला एवढंच म्हणाला, "भाभी, लाइट गेली का हे मशीन सगळं विसरते. रोज असंच मोजा लागन. करजा तुमीच. मले नका बोलावू."

प्रतीक्षाचा हिशोब मात्र बरोबर निघाला. पार्बताबाई दिवाणाच्या मधोमध बसू लागल्या. मालिकेतल्या सासवांना शिव्या घालू लागल्या. "हे पाय, हे बाई! इच्या हातची भाकर गाय बी खानार नाही!" प्रतीक्षा आयुष्यात हसली नव्हती एवढी त्या दुपारी हसली. बाई तिला हाका मारू लागल्या, केसांना तेल लावू लागल्या. रोज बाजेपाशी तांब्या भरून ठेवत, आणि संध्याकाळी तो अर्धा झालेला असे. उन्हाळाच तसा होता.

रोज बारा वाजता प्रतीक्षा माइक ठेवी, सगळ्यांना आंगणात काढी. आठवडाभर नऊ फूट आलं. मग आठ आलं.

तिनं टेप धरला. नऊच. खिळा जागेवर, बाज जागेवर, दिवाण जागेवर. दोन दिवसांनी सात. बाकीचे चारही आकडे जिथल्या तिथं. तिनं दिवाण पुढं ओढला, टेपनं बारा फूट झाले. मशीन म्हणालं, पाच. एक दिवस तिनं मागच्या डाव्याची तारच उपटून हातात धरली आणि आंगणात उभी राहिली. मशीननं तो तरीही मोजला. चार फूट.

माइक कुठं ठेवलेला असतो, हे त्या दिवशी तिला नीट कळलं. सासूच्या कानापाशी.

"किती आलं वं?" पार्बताबाई रोज विचारत.

"नऊ, आई," प्रतीक्षा रोज सांगे. आणि रात्री शेखरला म्हणे, "हे विकून टाकू." शेखर म्हणे, "आत्ता कुठं माय बोलून राहिली. काहून?"

शेवटी एक दिवस एक फूट आलं. प्रतीक्षानं घाईनं पडदा बंद केला.

"किती आलं?"

"नऊ."

पार्बताबाई हसल्या. प्रेमानंच. "खोटं बोलता येत नाही तुले, बाप्पा." त्यांनी बाजेपाशी जाऊन तांब्या उचलला, तो दिवाणाजवळ आणून ठेवला. "तिकडं कोन हाय आता पानी प्याले?"

मग त्या आपल्या जागी बसल्या, आणि शेजारी कोणाला बसायला जागा द्यावी तशा थोड्या सरकल्या.

"आई, आज टीव्ही नको," प्रतीक्षाला म्हणायचं होतं. "चला, मळ्यात जाऊ..." एवढ्यात वेळेआधीच लाइट गेली. पंखा हळूहळू थांबला. तिनं कान दिला. कोणी खाकरलं नाही.

खाकरतो तो दारातून आत येणारा माणूस.

झेंडूचा वास आता दिवाणापाशी होता. आणि प्रतीक्षाचा पदर कधीच डोक्यावर आला होता.