१७ ए वरची बाई

"बँकॉकचं विमान. १७ ए वरच्या बाईच्या सामानात काहीतरी भयंकर आहे. उडू देऊ नका."

एवढं बोलून फोन बंद झाला. तो आला होता ११२ वर. पोलिसांच्या नियंत्रण कक्षाने निरोप विमानतळावर कळवला, तेव्हा शेवटचे प्रवासी आत शिरत होते आणि दार लावायची तयारी चालली होती.

सुरक्षा अधिकारी सुनेत्रा चित्रे दोन जवान आणि आपला सहकारी वैभव यांना घेऊन विमानाच्या दाराशी पोचली. दारावर विमान कंपनीची रुपाली उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, काहीतरी घोटाळा आहे. १७ ए वर बाई नाहीये. ती सीट शंतनू विजयकर यांच्या नावावर आहे."

"फोन करणाऱ्याने 'बाई' असंच म्हटलं?" सुनेत्राने वैभवकडे पाहिलं.

"हो मॅडम. स्वतः फोन करणारा बाई की पुरुष ते मात्र कळत नाही म्हणे. दबका आवाज होता."

सुनेत्रा आत शिरली. तिने पावलं सावकाश टाकली, चेहरा साधा ठेवला. घाबरलेलं विमान सांभाळणं कठीण असतं.

सतराव्या रांगेत खिडकीशी खरोखरच एक बाई बसली होती. तिशीची, साधा कॉटनचा कुर्ता. पर्स खांद्याला, पट्टा सोडलेला. शेजारी मधल्या सीटवर कोणी नव्हतं आणि कडेच्या सीटवर चाळिशीकडे झुकलेला एक माणूस घड्याळ बघत होता.

"आपलं नाव?"

"ऋग्वेदा विजयकर. हे माझे मिस्टर, शंतनू."

"१७ ए तर यांच्या नावावर आहे."

"आम्ही आत आल्यावर जागा बदलल्या," शंतनू म्हणाला. "मला कडेची लागते. का? काय झालं?"

"थोडी तपासणी आहे. बाईंना आमच्याबरोबर यावं लागेल."

ऋग्वेदा लगेच उठली. का, कशासाठी, एक शब्द नाही. वाकून तिने पायाशी सरकवलेली काळी बॅग उचलली.

"ती राहू दे, ती माझी आहे!" शंतनूने हात पुढे केला. मग सुनेत्राकडे वळून आवाज खाली आणला. "मॅडम, हिला न्या, तपासा. पण मला जाऊ द्या. कंपनीचं महत्त्वाचं काम आहे. ही नंतरच्या विमानाने येईल."

सुनेत्राने एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"दोघंही उतरा. सामानासकट."

बाकीच्या प्रवाशांनाही खाली उतरवलं. श्वानपथकाने विमान हुंगलं, विजयकरांचं सामानही हुंगलं. स्फोटक काहीच नव्हतं.

तपासणीच्या खोलीत टेबलावर बंद बॅगा होत्या. नवराबायको दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसली होती. एवढ्यात वैभव आत आला आणि सुनेत्राच्या कानाशी लागायच्या ऐवजी धक्क्याने मोठ्यानेच बोलून गेला.

"मॅडम, नंबर कुणाचा ते कळलं. हेमचंद्र विजयकर, गिरगाव. आणि हा माणूस या आठवड्यात बेपत्ता झालाय. मुलानेच तक्रार दिलीय."

सुनेत्रा शंतनूकडे वळली.

"तुमचे वडील?" सुनेत्राने विचारलं.

शंतनूने कपाळावरून हात फिरवला. "हो. देवाची कृपा, जिवंत आहेत म्हणायचे! पण हे असलं... मॅडम, घरातली गोष्ट आहे. त्यांचं आणि हिचं पटत नव्हतं. म्हातारपणी डोकं फिरतं. रागाने केला असेल फोन."

"घरातून कसे गेले?"

"सकाळी चौपाटीवर फिरायला म्हणून. मोबाइल घेऊन. परत आलेच नाहीत."

"आणि वडील सापडत नसताना तुम्ही बँकॉकला?"

"काम आधीच ठरलेलं होतं. हिला घरी एकटी कशी ठेवू, म्हणून बरोबर घेतली."

"तुमचं काय म्हणणं?" सुनेत्रा ऋग्वेदाकडे वळली. "सासऱ्यांशी पटत नव्हतं?"

ऋग्वेदाने मान वर केली.

"त्या नंबरवर फोन लावून बघा ना," ती म्हणाली.

"काही उपयोग नाही," शंतनू चटकन म्हणाला. "बंद असेल. त्यापेक्षा आम्हाला पुढचं विमान..."

सुनेत्राने टेबलावरचा फोन उचलला. वैभवने नंबर सांगितला, तिने लावला.

टेबलावरची काळी बॅग थरथरू लागली.

वैभवने चेन उघडली. चष्म्याच्या मोठ्या घरात एक जुना मोबाइल वाजत होता. त्याच्याखाली वीतभर लांबीची पितळी किल्ली होती.

शंतनू ताडकन उभा राहिला. "हिने ठेवला! मी सांगत नव्हतो? हिनेच बाबांचं काहीतरी..."

"बसा," सुनेत्रा म्हणाली. दारातला जवान एक पाऊल पुढे आला. शंतनू बसला.

सुनेत्राने किल्ली रुमालात धरून उचलली. रुमालावर काळपट डाग उमटला. तिने वास घेतला. मशीनचं तेल.

"ही कशाची?"

"घरच्या कपाटाची."

"खोटं!" ऋग्वेदा पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "चिंचपोकळीच्या गाळ्याची आहे ती. आजेसासऱ्यांचा छापखाना होता तिथे. कित्येक वर्षं बंद आहे. वाडीतली मुलं बाबांना शोधायला तिथेही जाणार होती. हाच म्हणाला, मी बघून आलो, कुलूप गंजलंय, किल्ली फिरतसुद्धा नाही."

"न फिरणाऱ्या किल्लीला ताजं तेल! वैभव, स्थानिक पोलिसांना कळव. गाळा फोडा म्हणावं. डॉक्टर बरोबर न्या."

वैभव पळाला. सुनेत्रा खुर्ची ओढून शंतनूच्या समोर बसली.

"आता मी सांगते, तुम्ही ऐका. फोन करणाऱ्याने '१७ ए वरची बाई' म्हटलं. विमान कंपनीच्या माहितीत तिथे पुरुष होता. जागा तुम्ही आत बदललीत. बाहेरच्या कुणालाही ते ठाऊक असणं शक्य नाही, गिरगावातून रुसून गेलेल्या म्हाताऱ्याला तर नाहीच. म्हणजे फोन विमानातूनच आला."

शंतनूने पुन्हा घड्याळात पाहिलं.

"दुसरं. बाँब हा शब्द फोनवर नव्हता. 'काहीतरी भयंकर' एवढंच. धमकी देणारा असं जपून बोलत नाही. मी सीटपाशी आले तेव्हा बाईंची पर्स खांद्याला होती आणि पट्टा सोडलेला होता. आपल्याला उतरवणार, हे त्यांना आधीच माहीत होतं. फोन तुम्हीच केलात ना?"

"हो," ऋग्वेदा म्हणाली. "जागा बदलली, पण याची बॅग खिडकीपाशीच राहिली, माझ्या पायाशी. डोकं दुखत होतं म्हणून बाम शोधत होते. हा वर सामान ठेवत होता. चष्म्याचं घर बाबांचं वाटलं म्हणून उघडलं. बाबा ज्या फोनसकट गेले म्हणून हा सगळ्यांना सांगत होता, तो फोन आत!" तिने टेबलावरच्या बॅगेकडे बोट केलं. "लपवून घेतला आणि टॉयलेटमध्ये जाऊन चालू केला. तो उघडायचा कसा मला माहीत नाही. पण न उघडता ११२ लागतो. परत येऊन होता तिथे ठेवून दिला."

"स्वतःच्या फोनवरून का नाही केलात?"

"माझ्या नंबरवरून केला असता तर नवराबायकोचं भांडण वाटलं असतं. बाबांच्या नंबरची तक्रार पोलिसांकडे आहे, तो दिसला की कुणीतरी विचारणारच. आणि याचं नाव घेतलं असतं तर तुम्ही याला उठवलं असतं. याला कळलं असतं. बॅग माझ्या हातात यायला हवी होती."

"ही मुलगी स्वतःला पकडवून देते," सुनेत्रा शंतनूला म्हणाली, "आणि तुम्ही म्हणता फोन तिनेच लपवला होता. लपवणारा त्याच फोनवरून पोलिसांना बोलावत नाही. आणखी एक. हरवलेल्या वडिलांचा फोन आला हे ऐकल्यावर मुलगा पहिली गोष्ट काय करेल? फोन लावेल. तुम्ही लावू नका म्हणालात. कारण तो कुठे वाजणार हे तुम्हाला माहीत होतं."

"याला पुरावा म्हणत नाहीत," शंतनू पुटपुटला.

ऋग्वेदा त्याच्याकडे वळली. तिच्या आवाजात आता राग नव्हता.

"त्यांचं इन्सुलिन घरी फ्रिजमध्ये तसंच पडलंय, शंतनू."

"पाणी ठेवलंय मी!" तो ओरडला. "बिस्किटं ठेवलीयत. तिकडे उतरलो की कुणाला तरी फोन करून सोडवायला सांगणार होतो..."

आपण काय बोललो हे त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं.

बाकीचं तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. भोईवाड्यात पहाटे त्याच्या गाडीखाली कोंडीराम नावाचा हातगाडीवाला सापडला होता. शंतनू थांबला नाही. शेजारच्या सीटवर वडील होते. कोंडीराम गेल्याचं कळल्यावर हेमचंद्र म्हणाले, तू स्वतः पोलिसांकडे जा, नाहीतर मी जातो. जुनी यंत्रं विकायची आहेत असं सांगून शंतनूने त्यांना गाळ्यावर नेलं आणि बाहेरून कुलूप घातलं. फोन तो परदेशात फेकून देणार होता.

"तू परत येणार होतास?" ऋग्वेदाने विचारलं.

त्याने मान भिंतीकडे फिरवली.

वैभवचा फोन वाजला. तो ऐकत राहिला. ऋग्वेदाने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता.

"कुलूप तोडलं," वैभव म्हणाला. "आत कागदांच्या गठ्ठ्यावर पडलेले सापडले. हाकेला ओ देत नाहीयेत..." पुन्हा ऐकलं. "श्वास चालू आहे, मॅडम. परळला हलवतायत."

ऋग्वेदा तेव्हा रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेत्रा परळच्या दवाखान्यात गेली. ऋग्वेदाला सांगायचं होतं, की विमान थांबवल्याबद्दल जबाब तिलाही द्यावा लागेल, पण सुनेत्रा स्वतः तिच्या बाजूने लिहून देणार आहे. ऋग्वेदा हेमचंद्रांना चमच्याने पेज भरवत होती. तिने मान डोलावली. "देईन की. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करेन."

खाटेच्या पलीकडे हवालदार बसला होता; शंतनू ज्या कोठडीत होता, त्या भोईवाडा ठाण्यातून आलेला. हेमचंद्रांनी पेज बाजूला सारली. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"घ्या लिहून. गाडी माझा मुलगा चालवत होता. मी शेजारी बसलो होतो. थांब म्हणालो, तो थांबला नाही."

"आजोबा, कोर्टात हेच सांगावं लागेल," हवालदार म्हणाला. "त्याच्यासमोर."

"सांगेन. त्या कोंडीरामच्या घरीही कुणीतरी वाट बघत असेल."

हवालदाराने सही घेतली आणि तो उठला. हेमचंद्रांनी त्याची बाही धरली.

"कालपासून काही खाल्लंय का हो त्याने?"