छत्रीवाल्याच्या मागची जागा

आमच्या वाचनालयाचे उन्हाळ्यातले कार्यक्रम ठरतात माझ्या ताईच्या स्वयंपाकघरात. फळ्यावर नंतर लिहितात ते नुसतं शोभेला. मंगळवारी पुस्तकांची अदलाबदल, गुरुवारी गाणी, आणि शनिवारी अंधार पडला की गच्चीवर आकाशदर्शन. दुर्बीण माझ्याकडे. मी चष्मेवाला, काचेला हात लावायचा तो यानंच, असं ताईनं बारा वर्षांपूर्वी ठरवून टाकलं, आणि तिनं ठरवलेलं मोडायची इथं कुणाची छाती नाही.

गच्चीवर एकच नियम कडक. दिवा नाही, बॅटरी नाही, मोबाइल खिशात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात आणि एका उजेडात सगळं वाया जातं. म्हणून रांगेतल्या प्रत्येकानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. पहिल्याचं बघून झालं की तो बाजूला सरतो, रांग एक पाऊल पुढे येते. कुणी धडपडत नाही, दुर्बिणीला धक्का लागत नाही. रांग रेंगाळली की ताई गोष्ट लावायची. देवाचं नाव घेऊन सुरुवात, मग थोडं बोलून, थोडं गाऊन. गाता गाता मध्येच थांबायची, आणि त्या थांबण्यातच ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे. रांगेत नेहमी असणारा आमच्या गल्लीतला पाववाला तर उघड म्हणायचा, तुमचा शनी दोन मिनिटांचा, ताईंची गोष्ट आठवडाभर पुरते.

यंदा उन्हाळा सुरू व्हायच्या आधी ताईचे डोळे मीच तपासले. दुकानातल्या अक्षरांच्या पाटीसमोर बसणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा बजावतो, दिसतं तेवढंच सांगा. माणसं भिडस्त असतात. समोरच्याला बरं वाटावं म्हणून न दिसलेलं अक्षरही ठोकून देतात, आणि मग चुकीचा चष्मा नाकावर घेऊन फिरतात. ताई भिडस्त नव्हती. पाटीची चौकट झकास दिसतेय म्हणाली, अक्षरं कुठं ठेवलीस? नजरेचा मधला भाग गेला होता. कडा तेवढ्या शाबूत होत्या. मोठ्या डॉक्टरांनी त्या कडांनाही उन्हाळा संपेपर्यंतची मुदत दिली.

घरी येताना तिनं माझा दंड धरला होता. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "डोळे जाऊ देत रे बाळ्या. देवानं सत्तर वर्षं दाखवलं, ते काय थोडं झालं? पण अंधारात एकटं उभं राहायचं, ते मला नाही जमायचं."

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारी ती एकटीच उरली आहे. रस्ता ओलांडताना मी दंडावरचा तिचा हात घट्ट धरला.

आकाशात फिकट काही बघायचं असेल तर त्याच्याकडे सरळ बघून चालत नाही. जरा बाजूला बघायचं. मग ते नजरेच्या कडेला हळूच उमटतं. हे मी बारा वर्षं लोकांना शिकवतो आहे. ताईला आता शिकवायला नको होतं. तिच्याकडे कडाच उरल्या होत्या.

पहिल्या शनिवारी मी दुर्बीण स्वाती आणि चित्रा यांच्या मधल्या काळोख्या तुकड्यात नेली. तिथं एक पुसट ठिपका आहे, बहुतेकांना दिसतही नाही. ताई आयपीसला डोळा लावून फार वेळ उभी राहिली. मग म्हणाली, ठिपका कसला, माणसं आहेत की. आपल्यासारखीच रांगेत उभी आहेत, खांद्यावर हात ठेवून.

मागे हशा झाला. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र दुर्बिणीतला आरसा काढून तपासला. पुसला, कोरडा केला, नळीच्या आतल्या काळ्या रंगावर बोट फिरवून पाहिलं. गच्चीवरच्या माणसांचं प्रतिबिंब पडत असेल म्हणावं, तर पडायला उजेड कुठून आणायचा? मेंदू रिकामी जागा भरून काढतो, अधू डोळ्यांना नसलेली माणसं दिसतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तेच असणार, असं म्हणून मी आरसा परत बसवला.

दुसऱ्या शनिवारी गच्चीवरून घरी आल्यावर ताई जेवेना. ताट सरकवून विचारलं, "तुला दिसत नाहीत ना ती? खरं सांग. एकट्या मलाच दिसताहेत?"

एकट्या हा शब्द तिनं इतक्या हळू म्हटला की मला राहवलं नाही. सांगितलं, मलाही दिसतात. आणि खोटं पक्कं व्हावं म्हणून वर एक माणूस बनवून दिला. सगळ्यांत शेवटी एक उंच गृहस्थ आहेत, म्हटलं, काखेत मिटलेली छत्री. तिथं पाऊस कुठून येतो कोण जाणे. ताई पोट धरून हसली. ताट पुढे ओढलं आणि दोनदा वाढून घेतलं. जन्मभर लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं, ते मी माझ्याच जेवणाच्या टेबलावर केलं, आणि देवाशपथ, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या शनिवारी पाववाल्याची पाळी आली. बडबड्या माणूस, पण आयपीसवरून उठला तो गप्प. रांग पुढे सरकल्यावर माझ्या कानाशी आला.

"तिथं छत्री आहे का हो?"

ताईनं काही सांगितलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाला. ती गुरुवारी भेटलीच नव्हती, तिचा घसा बसला होता, गाणी रद्द झाली होती. मी कुणाला बोललो नव्हतो. पाववाला उगाचच हसला. पिठाच्या धुळीनं आपले डोळे कामातून गेले, चष्मा द्या म्हणाला. त्या दिवशी गोष्टीला थांबला नाही.

चौथा शनिवार शेवटचा. ताईला आता जिन्याच्या पायऱ्याही दिसत नव्हत्या. मी तिला धरून वर आणलं. सगळे बघून उतरले. पाववाला आलाच नव्हता. आम्ही दोघंच राहिलो. मी तिच्या मागे उभा होतो, डावा हात तिच्या खांद्यावर.

ती बघत होती. श्वास अगदी संथ.

"बाळ्या, तुझा छत्रीवाला आहे रे. त्याच्या मागे जागा सोडलीय त्यांनी."

"कसली जागा?"

"एका माणसाची."

तिच्या खांद्याला कंप सुटला होता. तो माझ्या तळव्याला कळत होता. लहानपणी वीज गेली की तो असाच सुटायचा.

"एकाची नाही," मी म्हटलं. "नीट बघ. दोघांची आहे."

ती पुन्हा वाकली. कंप हळूहळू थांबला.

"खरंच की," ताई म्हणाली. "दोघांची. मग काही नाही."

ती बाजूला झाली. दुर्बिणीवर झाकण घालायच्या आधी शेवटचं मी बघतो, ही रीत. मी चष्मा कपाळावर सरकवला. ताईच्या खांद्यावरचा हात तसाच ठेवून वाकलो.

सरळ बघितलं. काळोख.

जरा बाजूला बघितलं.

रांग होती. लांब, शांत, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. शेवटाकडे उंच गृहस्थ, काखेत छत्री. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून एक ठेंगणी बाई, गाणं सुरू करताना ताई कलती करते तशी मान कलती. आणि तिच्या मागे एक माणूस. चष्मा कपाळावर. डावा हात बाईच्या खांद्यावर.

"दिसतं तेवढंच सांग हं," ताई म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं.

आयपीसवरचा डोळा न हलवता मी झाकणासाठी चाचपडलो, आणि त्यासाठी तिच्या खांद्यावरचा हात काढला.

तिकडच्यानं काढला नाही.