हिंमतराव पाटलांची हलकी रायफल

सकाळचे आठ. तेरणेच्या काठावर हिंमतराव पाटलांनी नवी रायफल खांद्याला लावली आणि पहिला बार काढला.

गोळी निशाणाच्या हातभर वरून गेली.

दुसरी गोळी. हातभर वर.

तिसरी. तेवढीच वर.

एवढंच असतं तर ही गोष्ट कुणी लक्षात ठेवली नसती.

ते १९४६ साल, जानेवारी महिना. मुलूख निजामाचा, गाव सास्तूरच्या शिवेला लागून. हिंमतराव माझ्या आईचे मामा. त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांचा पुतण्या महारुद्र याच्याकडून वेगळं ताडून घेतलं. दोघांच्या सांगण्यात तफावत निघाली नाही. अंधार, अमावास्या यातलं इथं काही नाही. झालं ते लख्ख उन्हात झालं.

हिंमतरावांकडे वडिलांच्या वेळची दुनळी रायफल होती. वजन सहा शेर. आणि हिंमतरावांचं डावं मनगट लहानपणी गाडीच्या चाकाखाली आलेलं. एवढी नळी पेलायची कशी?

जुन्या शिकाऱ्यांची एक रीत होती. एक माणूस पुढं गुडघ्यावर बसायचा. खांद्यावर घोंगडीची घडी. त्या घडीवर नळी टेकवून मागून बार काढायचा. शिकारीत बोलायचं नाही, म्हणून खुणा ठरलेल्या. पाठीवर एक थाप, हलू नको. दोन थापा, बाजूला हो.

हिंमतरावांचा खांदा म्हणजे ईरण्णा धनगर.

आदल्या हिवाळ्यात एक एकांडा डुक्कर गोळी खाऊन करडईतून माघारी फिरला. हिंमतराव नळ्या भरत होते. दोन्ही हात गुंतलेले. ते ओरडले, "ईरण्णा, सरक!"

ईरण्णा सरकला नाही.

डुकराचा सुळा त्याच्या पोटात गेला.

हिंमतरावांनी दुनळी माळ्यावर टाकली. पुन्हा माणसाच्या खांद्यावर नळी ठेवायची नाही, असं ठरवून टाकलं.

वर्ष गेलं. तोच डुक्कर पुन्हा आला. शाळूत खुरपणाऱ्या नागम्माची मांडी त्यानं फाडली. बायका रानात जाईनात. गावानं हाका घालून त्याला रानातून उठवायचं ठरवलं. बंदुकीचा परवाना एकट्या पाटलांकडे. आणि ईरण्णाचा धाकटा भाऊ शिवलिंग पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "दुनळी काढा पाटील. खांदा म्या देतो."

त्याच दिवशी ईरण्णा-शिवलिंगाची आई कडूबाई पाटलांच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"एक लेकरू तुमच्या नळीखाली गेलं," ती म्हणाली. "दुसरं मागू नगा."

"म्या कुठं मागतोय? तोच हट्ट धरून बसलाय."

"मग त्याचा खांदा लागनार न्हाय अशी बंदूक आना."

म्हणून हलकी रायफल.

ऐकायला सोपं वाटतं. पण बंदूक हलकी घ्यावी तर काडतूस बारीक येतं. जून डुकराच्या खांद्यावरचं कातडं ढालीसारखं, त्यात बारीक गोळी अडकून बसते. काडतूस मोठं घ्यावं तर ते झेलायला बंदूक जड लागते. जड काडतूस हलक्या बंदुकीत घातलं तर धक्क्यानं खांदा निखळायची वेळ. शिवाय लढाई नुकतीच संपलेली. मनासारखी रायफल असली तर तिची काडतुसं नाहीत आणि काडतुसं मिळतात त्या मापाची रायफल नाही. हिंमतरावांनी सोलापूरच्या फेऱ्या मारल्या. रायफली उचलून पाहिल्या, परत ठेवल्या. सरहद्दीवर नाकेदाराशी हुज्जत घातली. तालुक्याला परवानगीसाठी कचेरीच्या ओट्यावर बसून राहिले.

त्यांची बायको सत्यभामा एकदा जेवण वाढताना म्हणालीच, "मला बघायला आलता तव्हा एवढं उलटंपालटं करून न्हाय बघितलं."

"तव्हा गोळी वाया जायची भीती नव्हती," हिंमतराव म्हणाले.

शेवटी मिळाली. आखूड नळीची, नऊ मिलिमीटरची, वजन सव्वातीन शेर. काडतूस ना बारीक ना थोराड, गोळीचं नाक शिशाचं. धक्का सोसण्याजोगा. मनगटाला पेलेल अशी. मोजकी काडतुसं सोबत आली. येत्या सोमवारी हाका ठरला.

आणि आता ती हातभर वर मारत होती.

हिंमतराव चिडले. नळी पुसली. नेमाची माशी पाहिली, खाच पाहिली. मग आडवे झाले, रायफलीचं पुढचं लाकूड वाळूच्या पोत्यावर टेकवलं आणि बार काढला.

गोळी निशाणाच्या मधोमध.

उभे राहिले. हातात धरून पुन्हा मारली.

हातभर वर.

"च्यायला!" म्हणून त्यांनी टोपी जमिनीवर आपटली.

महारुद्र शेजारीच होता. लढाईवरून परतून त्याला दोन महिने झाले होते. त्यानं रायफल मागून घेतली आणि उभ्यानंच मारली. मधोमध.

"रायफलीत खोट न्हाय, काका," तो म्हणाला. "तुमी नळी कशावर टेकवता?"

"कशावर म्हंजी? हातात धरलीया. आंधळा हायस का?"

"मग बार काढल्यावर ती उसळती का अशी? नळी दगडावर न्हायतर हाडावर टेकवली की गोळी अशी वर जाती."

 हे हिंमतरावांना नवीन नव्हतं. ईरण्णाच्या खांद्यावरून मारताना ते नेहमी हातभर खाली नेम धरायचे.

त्यांनी रायफल पुन्हा खांद्याला लावली. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं. सकाळपासून ते ही रायफल उचलत होते. डावं मनगट दुखायला हवं होतं.

दुखत नव्हतं.

त्यांनी डावा हात हळूच काढून घेतला...

नळी खाली आली नाही.

उजव्या हातानं नुसता दस्ता धरलेला. पुढं काही नाही. आणि नळी सरळ, निवांत, हवेत टेकलेली.

महारुद्र दोन पावलं मागं सरला. "काका," तो म्हणाला, "ठेवा ती खाली."

रायफल खाली ठेवली. नळीच्या खालच्या अंगाला काहीतरी चिकटलं होतं. हिंमतरावांनी ते चिमटीत धरून उन्हात पाहिलं...

काळ्या लोकरीचा धागा.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही हिंमतराव काठावर एकटेच उभे राहून ओरडत होते. आधी समजुतीनं. "ईरण्णा, झालं आता. जा बाबा." मग विनवणीनं. मग शिव्या देऊन. "तुझ्या भावासाठीच आनली ही! सरक की रं!" रायफल उचलली की ती तशीच हलकी. गोळी तशीच वर. काडतुसं संपत चालली. उद्या सोमवार.

खाली नेम धरून डुक्कर मारता आला असता. हिंमतरावांनी तोही विचार केला. पण मग माणसाच्या खांद्यावर नळी ठेवल्यासारखंच झालं. तो माणूस मेलेला असला म्हणून काय झालं?

संध्याकाळी ऊन असतानाच ते कडूबाईकडे गेले. वाड्याच्या माणसानं धनगरवाड्यात जाऊन जमिनीवर बसणं तेव्हा सोपं नव्हतं. ते बसले आणि झालं ते सांगितलं.

कडूबाई रडली नाही. तिनं विचारलं, "वरडून सांगताय त्याला?"

"दोन दिस घसा फोडतोय."

"पाटील, त्याला ऐकू कुठं येत हुतं?"

कडूबाईनं आपल्या उजव्या कानावर बोट ठेवलं.

"तुमचा बार त्याच्या कानाशी व्हायचा. उजवा पयलाच गेल्ता. डावा मागनं गेला. तुमास्नी सांगू नगो म्हनायचा. पाटील दुसरा खांदा बघतील, म्हनायचा."

त्या दिवशी करडईत हिंमतराव एका बहिऱ्या माणसाला ओरडून सांगत होते.

सोमवार उजाडला. हिंमतरावांनी शिवलिंगाला नदीपल्याड, हाकाऱ्यांच्या अगदी शेवटच्या टोकाला पाठवलं. वर दटावलं, "माझ्याजवळ दिसलास तर पाय मोडीन." शिवलिंग तोंड पाडून गेला. दुनळी माळ्यावरच राहिली. हिंमतराव ओढ्याच्या तोंडाशी एकटे उभे राहिले. महारुद्र थोडा मागं, बाभळीवर.

डबे वाजू लागले. आरोळ्या जवळ आल्या.

मग शाळूची ताटं एका रेषेत हलली...

डुक्कर बाहेर आला. थांबला. मान खाली घातली आणि सरळ हिंमतरावांवर सुटला.

त्यांनी रायफल उचलली.

हलकी.

महारुद्रानं वरून जे पाहिलं ते तो मरेपर्यंत त्याच त्या शब्दांत सांगायचा. काकांनी डावा हात नळीवरून काढला आणि पुढं, रिकाम्या हवेत, दोन थापा मारल्या.

हवेत नव्हे. हिंमतरावांच्या तळव्याला खरखरीत लोकर लागली. तिच्याखाली पाठ होती. उबदार.

दोन थापा. बाजूला हो.

नळी धाडकन खाली आली. सव्वातीन शेर वजन एकदम मनगटावर पडलं आणि मनगटातून कळ निघाली. त्यांनी दात आवळले, नळी वर उचलली आणि बार काढला.

डुक्कर तोंडावर पडला. खांद्यात बरोबर मधोमध गोळी. घसरत त्यांच्या पायाजवळ आला आणि निपचित झाला.

महारुद्र बाभळीवरून ओरडत उतरला. हाकारे धावत आले. कुणी हिंमतरावांना उचललं, कुणी डुकराच्या सुळ्याला वीत लावून पाहिली. पुष्कळ दिवसांनी हिंमतराव हसले.

"शिवलिंग कुठाय?" त्यांनी विचारलं.

एका हाकाऱ्यानं नदीकडं बोट दाखवलं.

शिवलिंग नदीपल्याड होता तिथंच खाली बसला होता. उजवा कान दाबून. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं.

शेजारचा हाकारा सांगू लागला, "बराबर चालत हुता. मधीच गुडघ्यावर बसला. कुनीतरी बसवल्यावानी. म्या म्हनलं काटा मोडला. तेवढ्यात पल्याड तुमचा बार झाला."

हिंमतराव नदी ओलांडून गेले आणि त्याच्यासमोर वाकले. शिवलिंगानं मान वर केली. डोळ्यांत पाणी आणि राग.

"कानापाशी बार काढलात व्हय पाटील?" तो म्हणाला. "सांगायचं तरी हुतं."

मधे आख्खी नदी होती.

सोलापूरच्या डॉक्टरनं पडदा फाटल्याचं सांगितलं. बंदूक किती अंतरावर होती, असं त्यानं विचारलं. 

रायफल आता सरळ मारील, असं महारुद्र म्हणाला. उभ्यानं मारून बघा म्हणून त्यानं ती एकदा हिंमतरावांपुढं धरली. त्यांनी हात लावला नाही. पुढच्या वर्षी परवान्याची हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला, तेव्हा ते पहिल्या दिवशीच रांगेत उभे राहिले. रायफल दिली. उरलेली पाच काडतुसं फडक्यात बांधून तिच्याबरोबरच दिली. घरी येऊन अंघोळ केली आणि शांत झोपले.

अठ्ठेचाळीसच्या मार्चात, भर दुपारी, शिवलिंग झाडाखाली मेंढरं कातरत होता. कडूबाई लोकर गोळा करत होती. आसपास कुठंच आवाज झाला नाही. मेंढरंही बुजली नाहीत.

शिवलिंगाच्या हातातली कातर गळून पडली...

तो गुडघ्यावर बसला होता. या खेपेला डावा कान.

हिंमतराव त्याच दुपारी घोडं काढून तालुक्याला गेले. जमा केलेली हत्यारं पाहू द्या म्हणून हातापाया पडले. दोन दिवस बसवून ठेवल्यावर त्यांना कोठी दाखवली.

रायफल तिथं नव्हती. कुणी नेली, कुठं नेली, कुणालाच सांगता आलं नाही.

फडकं होतं. त्यात चार काडतुसं होती.