विमान गेल्यावर

यवतमाळच्या विमानतळावर आम्ही बाया गवत कापाले जात होतो. विमानतळ म्हणजे काय, माळावरची एक काळी पट्टी, तारेचं कुंपण अन् एक कुलूपबंद खोली. महिनोमहिने तिथं आमच्या तांड्याच्या शेळ्याच फिरत. पण त्या सालांत कापसानं अख्ख्या जिल्ह्याचं वाटोळं केलतं, अन् ते वाटोळं पाहाले मोठे साहेब विमानानं येत. साहेब येणार म्हटलं का आम्हाले बोलावणं.

माही लेक रंजिता पांढरकवड्याकडे दिलती. तिचा निरोप आला, "कपाशीवर फवारणी केली तवापासून चक्कर येते. याडी, मले घेऊन जा." आम्ही मायले याडी म्हणतो. मी उलट सांगून धाडलं, तीन दिवसांचं काम आहे, उरकलं का निघतो.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी पट्टीवर ऊन उकळत होतं. चौकीदार देवीलाल सकाळपासून ओरडून राह्यला होता, "बायांनो, आज भांडण नको, रडणंबिडणं नको. साहेब उतरून राह्यले!"

"आम्ही कायले रडू रे?" कोकिळा म्हणाली. "तिकीट नाही भेटलं म्हणून?"

साऱ्या हसल्या. हसता हसता मी मान वर केली, तं पट्टीच्या टोकाकून रंजिता चालत येत होती. एकटी. पाय उघडे. ती जवळ यायच्या आधी फवारणीच्या औषधाचा वास आला.

आमच्यात लेक माहेरी आली का मायलेकी आधी गळ्यात पडून सुरात रडतात. एक रडते, दुसरी रडण्यातच तिले जाब देते. पाणी, बोलणं, सारं त्याच्यानंतर. रंजितानं दोन्ही हात पुढं केले.

"याडी... गळ्यात घे ना."

मी देवीलालकडे पाह्यलं. "थांब माय. विमान जाऊ दे. मंग."

"मंग... नक्की?"

"हो वं. त्या बाभळीखाली बस."

ती गेली, बसली. कशी आली, कोणासंगं आली, हेही मी इचारलं नाही. विमान उतरलं, गाड्यांनी धूळ उडवली. साहेब कापसाचं दुःख पाहून दिवस मावळायच्या आत माघारी आले अन् उडाले. मी इळा फेकला, बाभळीकडे धावली. खाली नुसतं वाळलं गवत. वास मात्र तसाच.

फाटकाशी माहा जावई उत्तमसिंग उभा होता. डोक्यावर पागोटं नव्हतं.

"मामी..." तो बोलला. "सकाळीच गेली ती. रातभर रस्त्याकडे पाहून राह्यलती."

त्या रात्री पांढरकवड्याले तिचं थंड पडलेलं अंग गळ्याशी धरलं. साऱ्या बाया माह्या सुराची वाट पाहत होत्या. मी तोंड उघडलं... आवाज निघालाच नाही. त्यानंतर माहा भाऊ गेला, बहीण गेली. मी कोरडीच बसली. बोलता येते, रडता येत नाही.

आता त्या पट्टीवर विमान येत नाही. पण भरदुपारी वारा पडला का तिकून रंजिताचं रडणं ऐकू येते. बाया म्हणतात, भास आहे. भासच असंल म्हणा.

पण ती एकटी रडत नाही. तिले कोणीतरी सुरात जाब देते. तो आवाज माहा आहे. अन् मी इथं बाजेवर बसलेली असतो, तोंड मिटून.