खांबामागची लढाई

“नदी! अरे लाटण्या, नदी सांभाळ! वाकलास तर तडा जाईल तिला!”

मामा मागून ओरडत होता आणि लाटण फळीवरची नदी दोन्ही हातांत धरून, पोट आत ओढून, हॉलच्या दारातून तिरका तिरका आत शिरत होता. त्याच्यामागे त्याची बहीण टिचकी पूल घेऊन, आणि तिच्यामागे शेजारची कुजबुज घोडदळाची पेटी छातीशी कवटाळून.

लाटण उंचच उंच, म्हणून लाटण. टिचकी बोलायला लागली की समोरच्याला टिचकी बसल्यासारखं वाटे. आणि कुजबुजचा आवाज तिच्या स्वतःच्या कानांपर्यंत तरी पोचतो की नाही, याची लाटणला शंका होती.

मामाचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर माणसांच्या डोळ्यांना भिंगं बसवायची आणि घरी आल्यावर बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या सैनिकांना डोळे रंगवायचे! असे सैनिक घेऊन लढाया खेळणाऱ्यांचं हे वार्षिक संमेलन. टेबलांवर डोंगर, किल्ले, जळकी गावं मांडायची. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं आणि सैन्य पुढे सरकवायचं. मामाच्या लढाईला चार खेळाडू लागायचे. गेली तीन वर्षं त्याच्या टेबलाकडे एकही जण फिरकला नव्हता.

“यंदाही कुणी बसलं नाही तर बास,” तो वाटेत म्हणाला होता. “सगळे सैनिक वितळवून टाकीन.”

“मामा, काहीतरीच काय!” टिचकी हसली होती. मामा हसला नव्हता.

टेबल मिळालं ते कोपऱ्यात, जाड खांबाच्या मागे. मांडणी होईपर्यंत हॉल गच्च भरला. सगळीकडे डिंकाचा आणि रंगाचा वास, फाशांचा खडखडाट, मध्येच “हाण! मेला तुझा सरदार!” अशा आरोळ्या. एकेका टेबलामागे पुढच्या डावाची वाट बघणारे ताटकळत होते. मामाच्या चारही खुर्च्या मात्र रिकाम्या!

“काय सेनापती!” संमेलनाचे प्रमुख आले. हे दातांचे डॉक्टर, मामाचे शाळेपासूनचे मित्र. “कुणीच नाही अजून? लोकांना जाण नाही रे! मन लावून घेऊ नकोस.” त्यांनी मामाच्या खांद्यावर थोपटलं आणि निघून गेले.

“किती चांगले आहेत ना!” लाटण म्हणाला.

“हं,” टिचकी म्हणाली. ती भलतीकडेच बघत होती. “लाटण्या, एक गंमत बघ. लोक येतात. खांबापर्यंत येतात, नदी बघून त्यांचे डोळे चमकतात आणि मग मामाकडे बघून पळतात!”

तेवढ्यात एक छोटा मुलगा धावत आला. “बाबा! पूल बघा, पूल! खरे दोर आहेत त्याला!”

“ये रे, जवळ ये,” मामा घाईघाईने उठला.

बाबांनी मुलाला दंडाला धरून असं मागे ओढलं, जणू टेबलाखाली साप दिसला असावा! मामा उभाच राहिला. मग खाली बसून त्याने सरळच असलेला एक सैनिक पुन्हा सरळ केला.

तिघांनी त्या बाबांना पलीकडे गाठलं. “काका, का ओढलंत त्याला?”

“दारावर सांगितलं नाही का तुम्हाला?” बाबांनी आवाज खाली आणला. “तो माणूस डोक्याने ठीक नाही. मागे एका मुलाने सैनिकाला हात लावला, तर याने त्याचा हात पिरगाळून मोडला!”

लाटणचं तोंड उघडंच राहिलं. मामा? घरात झुरळ निघालं तर त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडणारा मामा?

दारावर तिकिटं देणाऱ्या बाईंसमोर टिचकी साळसूदपणे उभी राहिली. “ताई, आम्ही नवीन आहोत. कुठून सुरुवात करू?”

“कुठूनही करा. फक्त खांबामागच्या टेबलाकडे जाऊ नका हं! प्रत्येकाला सांगायचं, असं डॉक्टरांनीच बजावलंय मला.”

“डॉक्टरांनी?” लाटण किंचाळणार होता, तोच टिचकीने त्याच्या पायावर पाय दिला.

आयोजकांच्या टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारं कापड होतं. कुजबुज कधी त्याच्याखाली शिरली, ते कुणालाच कळलं नाही. ती बाहेर आली ती तडक या दोघांकडे. आणि आज पहिल्यांदाच तिचा प्रत्येक शब्द नीट ऐकू आला.

“डॉक्टर आणि त्यांचे दोस्त पैज लावतायत. मामा किती वाजता आवरायला घेतो याची! गेल्या वर्षी पेटी भरताना त्याने डोळे पुसले, त्याची डॉक्टरांनी नक्कल करून दाखवली. सगळे खो खो हसले. एकाने विचारलं, त्याने तुझं काय वाकडं केलंय? तर डॉक्टर म्हणाले, काही नाही रे, नुसती गंमत! त्याचं तोंड बघायला मजा येते!”

काहीतरी भांडण असतं, जुना राग असतो, तरी समजलं असतं. पण काहीच नाही?

“मामाला सांगूया,” लाटण म्हणाला.

“सांगून काय होणार? डॉक्टर साफ नाकबूल करतील. त्यांच्याच तोंडून वदवायला हवं!” टिचकीने गळ्यातला रुमाल सोडला. “बांध माझा हात. घट्ट!”

दुपारी बक्षिसं जाहीर होणार म्हणून सगळी गर्दी मधल्या चौथऱ्यापाशी जमली. डॉक्टर वर उभे होते. त्यांच्या शेजारी, ज्यांनी हे संमेलन पूर्वी सुरू केलं त्या पांढऱ्या केसांच्या आजी बसल्या होत्या. एवढ्यात टिचकीने हंबरडा फोडला.

“आई गं! त्या काकांनी हात पिरगाळला! खांबामागच्या काकांनी!”

एकच गलका उडाला. “सांगितलं होतं ना!” “धरा त्याला!” भाचीचं रडणं ऐकून मामा धावत येतच होता, हातात ब्रश तसाच. दोघांनी त्याला दोन्हीकडून पकडलं. एका बाईने त्याच्या शर्टाला हिसडा दिला. “लाज नाही वाटत? लेकराच्या अंगावर हात टाकतोस?”

“मी? टिचके, बाळा, काय झालं? मी काय केलं?” मामाचा चेहरा पांढराफटक पडला. हे टिचकीच्या हिशेबातच नव्हतं! पण आता थांबून चालणार नव्हतं.

“पोलिसांना बोलवा! हे काका दरवर्षी मुलांचे हात मोडतात, तरी डॉक्टर त्यांना टेबल देतात! डॉक्टरांनाही धरा!”

“खरंच की!” ते मघाचे बाबा गरजले. “धोकादायक माणूस आहे हे माहीत होतं, तर आत घेतलाच कशाला? लावा फोन!”

“अहो, थांबा, थांबा!” डॉक्टरांना दरदरून घाम फुटला. “पोलीस कशाला? त्याने कधी कुणाचा हात मोडलेला नाही! शाळेपासून ओळखतो मी त्याला. ती आपली नुसती गंमत होती... आम्हीच उठवलेली...”

त्यांनी जीभ चावली. पण बाण सुटला होता.

टिचकीने रुमाल सोडला आणि हात सगळ्यांना फिरवून दाखवला. “माझ्या हाताला काही झालेलं नाही. मी खोटं बोलले. तुम्ही तीन वर्षं खोटं बोलत होतात!”

मामाला धरणारे हात गळून पडले.

“गंमत?” मामा डॉक्टरांना म्हणाला. “तू थोपटायचास ना रे खांद्यावर?”

“अरे, एवढं मनाला काय लावून घेतोस...”

“तुम्ही खाली उतरा,” आजी म्हणाल्या. “आज उतरा, आणि पुन्हा कधी वर चढू नका.”

मग मामाच्या टेबलाभोवती हीऽऽ झुंबड उडाली! चार खुर्च्यांवर आठ जण बसले, बाकीचे त्यांच्या खांद्यांवरून वाकले. तो छोटा मुलगा पुलाच्या तोंडाशी ठाण मांडून बसला. ज्या बाईने शर्ट ओढला होता, ती मान खाली घालून मामाच्या कॉलरची घडी नीट करून गेली. पहिले फासे मामाच्या हातून जमिनीवर पडले.

“माफ कर, मामा,” टिचकी म्हणाली. “ते तुला धरतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“त्यांनी धरलं ना, तेव्हा क्षणभर मलाच वाटलं, आपण केलंही असेल,” मामा म्हणाला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आजींनी तिघांना जवळ बोलावलं आणि टिचकीकडून सगळी हकीकत ऐकली. “आम्ही मोठी माणसं डोळे असून आंधळी! तुम्ही तिघांनी आज आम्हाला वाचवलंत. शाबास! आणि तू गं,” त्या कुजबुजला म्हणाल्या, “अशीच मोठ्याने बोलत जा.”

कुजबुज लाजली आणि काहीतरी म्हणाली. ते कुणालाच ऐकू आलं नाही!

डॉक्टर भिंतीशी उभे होते. मघाशी पैजा लावणारे त्यांचे दोस्त आता लांबून त्यांच्याकडे बोटं दाखवून हसत होते. जाणारा-येणारा त्यांना वळसा घालून जात होता. एकदा ते खांबापर्यंत आले, थबकले आणि परत फिरले.

लाटणला कसंसंच झालं. “मामा, बोलवू का त्यांना? मागे जागा आहे एक.”

मामाने वर पाहिलं. डॉक्टरांकडे नीट, डोळे भरून पाहिलं.

“नको,” तो म्हणाला आणि त्याने घोडदळ पुढे सरकवलं. “हं, कुणाची पाळी?”